एन्टरच्या आधी

वागळे इस्टेटमधल्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या भाड्याच्या सर्व्हरवर लिनक्स बसवलं ते एका डोंबिवलीकर गृहस्थांनी. प्रत्येक कमांड लिहून झाली की हात मांडीवर ठेवून ती पुटपुटत वाचायचे, मगच एन्टर. या संथपणाला कंटाळून चार वर्षांपूर्वी मी दुसरा माणूस नेमला.

परवा रिपोर्ट उघडेनात, नव्या माणसालाही जमेना, म्हणून नाइलाजाने त्यांनाच बोलावलं. मी पासवर्ड शोधतोय, तोवर ते आपल्या लॅपटॉपवरून सर्व्हरमध्ये शिरलेसुद्धा.

“माझी जुनी डिजिटल किल्ली अजून चालतेय. जाताना काढायला सांगितलेलं तुम्हाला.”

चार वर्षं सगळ्या पेशंटचे रिपोर्ट या माणसाला उघडे होते.

दुरुस्ती करून त्यांनी किल्ली पुसायची कमांड लिहिली, नेहमीसारखी पुटपुटत वाचली आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

“या वेळी एन्टर तुम्ही दाबा.”