मागचा पिकअप

मित्रांनो, आज माझी बेस गिटार घेऊन मनीषनगरच्या रिपेअरवाल्याकडे गेलो. म्हटलं, "तारांखालचे हे दोन पिकअप बघ. पुढचा गोल, भरीव वाजतो. मागच्याची धारच गेली, बदलून टाक."

त्यानं मीटर लावला, दोन्ही वाजवून पाहिले. मग हळूच म्हणाला, "भाऊ, मागचा तर मस्त कडक वाजून राहिला. तुमाले ऐकू नाही येत काय?"

नव्हतं येत. वीस वर्षं ऑर्केस्ट्रात स्पीकरला खेटून उभा राहिलोय.

गेल्या महिन्यात धार येत नाही म्हणून मी मागचा पिकअप फुल करून वाजवत होतो, तेव्हा आमची गायिका म्हणाली होती, "दादा, तुमचा बेस कानाले टोचून राहिला." मी सगळ्यांसमोर तिलाच बहिरी म्हणालो. तिनं ऑर्केस्ट्रा सोडला.

मघापासून तिचा नंबर काढून बसलोय. काय बोलू, सांगा.