सोयरिकीचा घोट

माझा भाऊ येडबा दारू कसा पितो, हे बघायला माणसं यायची. खोटं सांगत न्हाई. चारठाण्याच्या अलीकडं आमची मेंढरं पाळणारांची वाडी. तिथं सोयरीक ठरली की मुलीचा बाप आन् मुलाचा बाप एकाच पितळी वाटीतून अर्धी-अर्धी दारू प्यायचे. नुसता ओठ लावून भागायचं न्हाई. घोट उतरताना गळ्यावरची घाटी हललेली पंचांना दिसली पायजे, तवा सोयरीक पक्की. आन् घाटी बघायला मानाचा पंच कोण, तर आमचा येडबादादा. एकदा एका इवायानं, म्हंजे मुलाच्या बापानं, घोट गालात धरला आन् गोठ्यामागं जाऊन थुकला. दादानं त्याला धरून आणला, परत बसवून पाजली आन् त्याला एकटं वाटू नये म्हणून सवता बी घेतली. सोबत द्यायला दादा कवा मागं सरला न्हाई.

मी त्याची धाकटी बहीण, धुरपताबाई. नवरा गेल्यापासून माहेरीच हाय. माझं तोंड फाटकं हाय असं वाडी म्हणती. म्हणू द्या. खरं बोललेलं लोकांना झोंबतंय, त्याला मी काय करू?

दादाचा आवाज असा व्हता की वढ्याच्या पल्याड गेलेली मेंढरं एका हाकेत माघारी वळायची. बाहत्तरच्या दुष्काळाच्या पुढल्या साली तो आवाज बसला. मग भाकरीचा घास अडकायला लागला. वैद्य झाले, अंगारे झाले. शेवटी परभणीच्या डागदरनं मुंबईला धाडला आन् तिथं घशाचा कॅन्सर निघाला. संगं आमची वयनी कासाबाई गेलती. रोज मशीनखाली लाईट देऊन देऊन मान तव्यावानी काळी पडली, पर गाठ विरघळली. दादा बरा होऊन आला. आवाज तेवढा तिकडंच ऱ्हायला. उरली ती कुजबूज. तवापासून मेंढरं वळवायला आमी डालड्याचा डबा बडवतो.

निघताना तिथल्या डागदरनं दोघांना समोर बसवून सांगितलं, की तंबाखूसंगं दारूनं बी तुमचा घसा खाल्लाय. बऱ्या झालेल्या माणसानं परत पिली तर कॅन्सर परत यायची, न्हाई तर शेजारी दुसरा उगवायची भीती लय. दादा काय सुखासुखी ऐकणारा व्हय? त्यानं इचारलं, सणाला चालंल का? न्हाई. थंडीला? न्हाई. लोकर कातरायच्या दिवशी? डागदरला लोकर कातरणं काय असतंय ते कळंना, पर न्हाई म्हणला. औषध म्हणून टोपणभर? तवा मातर डागदर हसला म्हणं. पर उत्तर तेच दिलं.

आता वाडीत कॅन्सर म्हणायची सोय नव्हती. लोकांना वाटायचं, हा रोग ताटावाटीतून लागतोय, आन् घरात दादाची पोरगी पंचफुला लग्नाची. म्हणून वयनीनं उठवलं की ह्यांच्या घशात माशाचा काटा रुतला व्हता. मुंबईला जाऊन काढावा असला काटा! आन् वाडीनं खरं मानलं. कुणीतरी इचारलं, कोणता मासा? वयनी घाईत मरळ म्हणून गेली. झालं, वाडीत वरीसभर कुणी मरळ शिजवली न्हाई. दारू का सोडली म्हणून इचारलं, तर सांगायचं की देवाला नवस बोललाय.

अशी तीन वरसं निभली. मग पंचफुलाला चुडाव्याकडचं ठिकाण आलं. पोरगा चंद्रभान, नाकीडोळी नीटस, निर्व्यसनी. पोरीनं रानात एकदा त्याला बघितलेला, अन् तवापासून ती चुलीपुढं बसून उगंच हसायची. इवाई सूर्यभान मोठा दिलदार माणूस, पर रीतीभातीला कडक. त्याचा निरोप आला की बाकी काय नको, वाटी मातर रीतीपरमानं व्हावी.

आमी नवसाचं पुढं केलं. पंच बसले, इचार केला आन् सांगितलं, की सोयरिकीचा घोट नवसात धरत न्हाईत. हे कुणी कवा ठरवलं? आमच्या दादानंच, धा वरसांमागं, एका नवसकऱ्याला पाजायसाठी! मी कपाळावर हात मारून घेतला.

पाव्हणे यायच्या सकाळी मी दादाला म्हणलं, एका घोटानं काय तुजा जीव जाणार हाय का? पोरीचं बघ. तो मेंढीचं दूध काढायलाता. हात थांबवून म्हणला, "धुरपे, एका घोटाला मी भ्येत न्हाई. पर मी जल्मात कवा एकच घोट घेतलाय का?"

मी माघारी वळून चुलीकडं गेले. माज्यावानी बाई न भांडता गेली म्हणल्यावर समजून घ्या.

पाव्हणे आले. सूर्यभान इवाई, त्याची बायको नर्मदाबाई, पोरगा चंद्रभान, चार भावकीतले. गप्पाटप्पा झाल्या, पोरगी पसंत झाली आन् वाटी भरून मधी आली. पंच जवळ सरकले. दादाच्या काळ्या मानेकडं समदे डोळे. वयनी दाराआड पदर चावायलती. पंचफुला माज्या मागं उभी, तिचा हात माज्या दंडाला असा आवळलेला की वळ उठला.

मान मुलाच्या बापाचा. सूर्यभाननं वाटी उचलली, अर्धी घेतली. घेताना डोळे गच्च मिटले, छातीला हात लावला, आन् तो घोट काय लवकर उतरंना. मग खोकला. पंच म्हणले, घाटी हलली, बरं का. वाटी दादाच्या हातात आली.

दादानं वाटी तोंडाजवळ नेली. वास त्याला आला असंल, तीन वरसांनी. मला वाटलं आता घेतो. आन् खरं सांगू, पोरीच्या पायी मला वाटलं, घे बाबा एकदाची. पर तो वाटीकडं बघतच नव्हता. सूर्यभानच्या गळ्याकडं बघायलाता. वाटी खाली ठिवून त्यानं इचारलं, "इवाई, भाकरी अडकती का?"

सूर्यभान म्हणला, कुठं काय, ठसका लागला. तवा नर्मदाबाई, जी सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणली, "दिवाळीपासून नुसता पातळ भात खायलेत. कुणाला सांगू देत न्हाईत."

मग दादानं समदं सांगितलं. आमी तीन वरसं जपलेलं, भर बैठकीत. काटा नव्हता, मरळ नव्हती, नवस नव्हता. कॅन्सर व्हता. दारूतंबाखूनं झालता. माजा बी घास असाच अडकायचा, म्हणला. तुमचं तेच असंल असं न्हाई, पर उशीर करू नका. आवाज तर नव्हताच, म्हणून समदे वाकून वाकून ऐकायलते. एक भावकीतला वाटीपासून हातभर मागं सरकला.

सूर्यभान उठला आन् बाहीर अंगणात जाऊन उभा ऱ्हायला. त्याच्यामागं चंद्रभान गेला. झालं, मी मनात म्हणलं, मोडली. भावाचा मला असा राग आला की डबा घेऊन त्याच्याच डोक्यावर बडवावा. अन् तो तसाच मांडी घालून बसलेला, पोरीकडं बघायचं धाडस नव्हतं त्याला. त्याची काळी मान बघून मला रडू बी आलं.

बऱ्याच येळानं सूर्यभान आत आला. आता तो समोर बसला न्हाई, दादाच्या शेजारी बसला, गुडघ्याला गुडघा लावून.

"इवाई," तो म्हणला, "मुंबई तर लांबच, मी कवा मनमाडच्या पल्याड गेलो न्हाई. मला भ्याव वाटायलंय. सोयरा म्हणून संगं याल का?"

दादा कुजबुजला, "उद्याच निघू. इहीणबाईला म्हणा, भाकरी बांधू नका, पेज घ्या."

सोयरीक पक्की धरायची का न्हाई, हे इचारायला पंचांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडं नुसतं बघितलं.