पाठमोरी

सुमन वारली त्या दिवशी तिच्या भावानं तिला साखरखेर्ड्याला, माहेरी नेलं आणि मला अंगणाबाहेर अडवलं.

"मॅडम, तुमी कोन लागता हिच्या?"

माणसं बघत होती. मी म्हणाले, "मैत्रीण."

"मंग मैतरनीवानी सडकेवर थांबा."

मी थांबले. तिरडी माझ्यासमोरून गेली.

आमची खोली शेगावात. दर्शनाला इतकी माणसं येतात-जातात की दोन बायका एकत्र का राहतात, हे तिथं कुणी विचारत नाही. साखरखेर्डा, आमचं गाव, सोडलं ते बोंडअळीच्या वर्षी. कीड लागणार नाही म्हणून घेतलेल्या बीटी कपाशीच्या बोंडांतही अळी निघाली आणि गावाला कारण हवं होतं. "घरात असली थेरं, मंग वावरात काय पिकन?" हाच भाऊ बोलला होता. मग त्यानं सुमनवर हात उचलला. पहाटेच्या एसटीनं आम्ही निघालो.

ती गेल्यावर पुण्याहून फिल्मवाले आले. आमच्यासारख्या, घर सोडून पळालेल्या माणसांवर माहितीपट करत होते. दिग्दर्शक हळू बोलायचा. त्यानं मला मेहकर रस्त्यालगतच्या कपाशीत खुर्चीवर बसवलं. कॅमेऱ्याकडं पाठ.

"चेहरा नको. तुमच्याच सुरक्षिततेसाठी. आवाजही बदलू."

मी मान हलवली.

"आणि जरा तुमच्या भाषेत बोला ना. हे फार पुस्तकी वाटतं. मले, तुले, तसं."

मी शाळेत मराठी शिकवते. कपाशीत राबायची ती सुमन. ती चिडवायची, "घरातबी पुस्तकावानी काऊन बोलतं वं?" तिला तो हक्क होता.

मी "मले" म्हटलं. मागं कुणीतरी हसलं.

"छान. पुन्हा एकदा, थांबत थांबत."

पुन्हा म्हटलं. सुमनची बोली माझ्या तोंडात नक्कल झाली होती. समोर किडकी बोंडं. मी पुन्हा सडकेवरच होते. कुठं थांबायचं, हे पुन्हा दुसऱ्यानंच ठरवलं होतं.

उठले. खुर्ची फिरवली. कॅमेऱ्यासमोर बसले.

"मॅडम, रिस्क आहे. तुमची नोकरी..."

"माहीत आहे. आता विचारा, मी तिची कोण."

त्यानं विचारलं. मी माझं पूर्ण नाव सांगितलं. तिचंही.

"आम्ही दोघींनी संसार केला. मी तिची बायको."

कुणी हसलं नाही.

माहितीपट लोकांनी पाहिल्यापासून शाळेनं मला घरी बसवलं आहे. खोली सोडा म्हणून घरमालक दोनदा येऊन गेला. खोलीच्या दारावर मी दोघींची नावं लावली आहेत. ती तिथंच राहतील.