खुरप्याशेजारचं व्हेप

खंडेनवमीच्या पूजेची अवजारं रतनची निम्मीच पुसून झाली होती. लेकाच्या, ऋषिराजच्या दप्तरातली चकचकीत नळी तिला चार्जर वाटली, म्हणून खुरप्याशेजारी मांडून तिनं कुंकू लावलं.

“आई, व्हेप हाय ते! धूर ओढायचं!” ऋषिराज ओरडला.

“मग आता पुजू का फेकू?”

तो ओशाळला. त्याला मुलगे आवडतात म्हणून वर्गातले चिडवायचे, तेव्हा त्यानं व्हेप ओढायला सुरुवात केली होती. आवडीचं आईला ठाऊक होतं, धुराचं नव्हतं.

संध्याकाळी त्यानं इन्स्टावर रील टाकली. “आईनं पुजलं, मी सोडतोय. माझ्यासारख्यांनो, कुणी चिडवलं तर धूर नको, मला मेसेज करा.”

लासुर्णे गावच्या एका पोरानं लिहिलं, “दादा, मलाबी सोडायचंय.”

“त्यालाबी बोलव की,” मेसेज वाचून रतन म्हणाली. दसरा झाला की ती दोघांना व्हेप सोडवायला बारामतीच्या दवाखान्यात नेणार होती.