संदर्भसूचीतली आई

"हे कोण म्हणालं? कुठं म्हणालं?" समोरच्यानं काहीही सांगितलं, की सर चष्मा कपाळावर सरकवून हे विचारणार. केजच्या आमच्या कॉलेजात ते समाजशास्त्र शिकवायचे, मी मराठी. असे एखादे गृहस्थ तुमच्याही पाहण्यात असतील. लोक त्यांच्यासमोर बोलणं कमी करतात.

संदर्भ द्यायचे ते एपीए पद्धतीनंच, यावर त्यांची श्रद्धा. कंसात आडनाव, स्वल्पविराम, साल. चुकलेल्या पूर्णविरामापायी त्यांनी प्रबंध परत केले. पुतणीच्या लग्नपत्रिकेवरच्या श्लोकाखालीही त्यांनी स्रोत छापायला लावला, असं म्हणतात. कोण म्हणतं, ते मला विचारू नका.

धारूरकडची एक मुलगी त्यांच्याकडे पीएचडी करत होती. विषय ऊसतोड करणाऱ्या बायकांचा. तिची आईच दरसाल कोयता घेऊन कारखान्याला जाणारी; प्रबंधातलं निम्मं शहाणपण आईच्या मुलाखतीतलं. शेवटी संदर्भसूची तपासायला आली तेव्हा ती म्हणाली, "सर, यादीत आईचं नाव न्हाई."

"नसतंच. आपण घेतलेली मुलाखत एपीएत सूचीत येत नाही. मजकुरात कंसात उल्लेख केला की झालं."

"म्हंजी आमच्यावर पुस्तकं लिहिली ते यादीत, अन् आई कंसात?"

"नियम आहे," सर म्हणाले. ती प्रबंधाचे कागद गोळा करून गेली.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणी नाही असं पाहून त्यांनी मला विचारलं, "तुमची ती भाषावाल्यांची संदर्भाची पद्धत, एमएलए. तिच्यात मुलाखत सूचीत घेतात का हो?"

"घेतात. बोलणाऱ्याच्या नावानं."

जिला ते आजवर 'गोष्टीवाल्यांची पद्धत' म्हणून हसत आले, त्या पद्धतीत त्यांनी स्टाफरूममध्ये मुलीसोबत बसून अख्खा प्रबंध नव्यानं बांधला. जमा करायची मुदत तोंडावर आलेली. साल उचलून ओळीच्या शेवटी न्यायचं, कंसात सालाऐवजी पानाचा आकडा टाकायचा. मध्येच माझ्याकडे बघून म्हणायचे, "काय पद्धत आहे ही."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच धरलं. "समाजशास्त्रात ही पद्धत कशी काय?" मुलगी सरांकडे पाहू लागली.

"आमच्या विभागात हीच चालते," सर शांतपणे म्हणाले. विभागात ते एकटेच होते.

मुलगी डॉक्टर झाली. सर निवृत्त होऊन लेकाकडे गेले आणि गेल्या हिवाळ्यात तिकडंच वारले. प्रबंध आमच्या ग्रंथालयात आहे. सूची आडनावांच्या क्रमानं लावलेली असल्यामुळे, दोन मोठ्या प्राध्यापकांच्या मधोमध आई बसली आहे. तिच्या ओळीत प्रकाशक नाही. नावापुढं नुसतं 'मुलाखत' एवढंच आहे.