चोवीस तासांची काच

पिपरीचा नत्थू थूल एका जागी बसलेला कोणी पाहिला नाही. वर्ध्याच्या एका दवाखान्यात तो रक्त तपासायच्या काचा धूत असे, तेव्हाही पाय हलत. जेवताना एक गुडघा उभाच. बायको तानाबाई म्हणे, "तुमच्या पायात भोवरा हाय. तिरडीवरून बी उठून पाह्यसान, खांदा कोन देऊन राह्यलं म्हून."

अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात दवाखान्यात एक पोरगी आली. हातपाय सुजलेले, डोळे पिवळे, सांधे ठणकत होते. डॉक्टर वासुदेवरावांनी तिच्या रक्ताचा थेंब दोन काचांत दाबला आणि हवा जाऊ नये म्हणून कडा व्हॅसलीननं बंद केल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी नत्थूला दुर्बिणीशी बोलावलं. रक्तातल्या पेशी त्यानं पुष्कळदा पाहिल्या होत्या, भाकरीसारख्या गोल. आज त्या वाकून विळे झाल्या होत्या.

"हे पोरीनं कुठून आणलं नाही," डॉक्टर म्हणाले. "आईबापाच्या रक्तातून आलं. एकाच बाजूनं वाटा आला तर काचेत विळे दिसतात, पण माणूस धडधाकट राहतो. उलट हिवतापात तगतो. मागं हिवतापानं गावं ओस पडली तेव्हा अशीच माणसं वाचली, त्यांनाच लेकरं झाली. म्हणून तो वाटा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. दोन्ही बाजूंनी आला की मात्र हे असं. एकेक वाटा असलेल्या आईबापाच्या चार लेकरांत एखादं."

नत्थूच्या हातातली काच फुटली.

पवनारला त्याची बहीण कांता. तिचा थोरला रामा अगदी असाच सुजून, पिवळा पडून सातव्या वर्षी गेला होता. म्हणजे एक वाटा कांताचा. अन् कांता नि तो एकाच आईचे. तिचा धाकटा श्रावण आणि नत्थूची सुलोचना यांची सोयरीक पाळण्यातच ठरलेली. मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क. लग्न फागुनात होतं.

सुलोचनाचं बोट त्यानं घरीच टोचलं. श्रावण कापसाची गाडी घेऊन बाजारात आला तेव्हा त्याला ओढत दवाखान्यात नेलं.

"मामा, लग्नाआंधीच रक्त काढून राह्यले," श्रावण हसला. "मंग काय मागसान?"

काचा बंद झाल्या. आता एक दिवस थांबायचं. नत्थू पिपरीहून दवाखान्यात तीनदा जाऊन आला. धुतलेल्या काचा पुन्हा धुतल्या.

"काऊन फिरून राह्यले?" तानाबाईनं विचारलं.

"वारा घेऊन राह्यलो."

"हिवाळ्याचा?"

दुसऱ्या दिवशी त्यानं दुर्बिणीला डोळा लावला. दोन्ही काचांत विळे होते.

तो तसाच चालत पवनारला गेला. कांता अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. त्यानं उभ्यानंच सारं सांगून टाकलं.

"दीक्षा घेतली, देव पान्यात सोडले, ते ठीक," कांता मान वर न करता म्हणाली. "आता भाच्याचं रक्त बी पाहून राह्यला. चांगलं ठिकान भेटलं असन पोरीले, तं सरळ सांग ना."

"तसं नाई, बाई."

"मंग बस आंधी. उभ्यानं सोयरीक मोडत नाई कोनी."

नत्थू बसला. "रामाचं सांगतो," म्हणाला.

कांताचे हात थांबले. रामा गेला त्याच्या आदल्या सकाळी तिनं त्याला धाम नदीच्या घाटावर अंघोळ घातली होती. थंड पान्यानं पोट्टं मारलं, असं सासू मरेपर्यंत बोलली. अकरा वर्षं कांता घाटाकडे फिरकली नव्हती. पाणी लांबच्या विहिरीचं आणायची.

"थंडीनं ते दुखनं उसळते," नत्थू म्हणाला. "पन ते पान्यातून आलं नाई. जन्मापासून त्याच्या रक्तात होतं."

"मले दाखव."

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात आली. दुर्बिणीशी वाकताना आधी भलताच डोळा मिटला, मग नीट लावला.

"हे श्रावणचं?"

"हो. त्याले काई होत नाई."

"अन् सुलीचं?"

नत्थूनं काच बदलली. तिनं पाहिलं, पदरानं डोळा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"म्हंजे माह्या नातवांतला एखादा रामा," ती म्हणाली.

शेजारी उभ्या डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली. नत्थू दारापासून खिडकीपर्यंत आणि परत येरझाऱ्या घालत होता.

"फिरू नको रे," कांता म्हणाली. "मोडली म्हन सोयरीक. मी मोडली म्हून सांगजो, तुह्यावर बोल नको."

तो तिला रस्त्यापर्यंत पोचवायला आला. "थांब, गाडी भेटन पवनारची."

"पायीच जाते. घाटावरून." चार पावलं गेली आणि वळली. "सुलीले पोरगा मीच पाह्यते. पन आंधी त्याच्या बोटाले टोचजो."

तो पोरगा सेलूचा निघाला. त्याच्या काचेसाठी नत्थूनं पुन्हा एक दिवस पिपरी ते दवाखाना केला. पेशी गोलच राहिल्या. तेव्हापासून पिपरीत कुठं सोयरीक निघाली की हा व्हॅसलीनची डबी खिशात घालून दारात हजर. लोक म्हणत, "बसा नत्थूभाऊ."

"बसत नाई," तो म्हणे. "बोट द्या."