तीन बोटं

आरोग्य संवर्धन शिकते म्हटलं की लोक विचारत, "म्हणजे नर्स होनार का?" नाही म्हटलं की, "मंग डॉक्टर?" तेही नाही म्हटलं की विषय संपायचा. नागपूरला विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला असताना प्रत्यक्ष कामासाठी मला तीन महिने अड्याळच्या एका शाळेत धाडलं. खोली मिळाली, पण बोलायला कोणी नाही. शाळा सुटली की एकटीच स्वयंपाक, एकटीच जेवण. खरं सांगते, कधीकधी उद्याचा तास मी भिंतीलाच शिकवून टाकायची.

विषय होता खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून लोक दिवसभर गालात धरतात. आधी तिखट झोंबायला लागतं, मग हळूहळू तोंड उघडेनासं होतं. आठवीच्या पोरांना मी त्याची खूण शिकवली: स्वतःची तीन बोटं एकावर एक ठेवून तोंडात जायला हवीत. घरी सगळ्यांची तपासून या म्हटलं. दुसऱ्या दिवशी पोट्ट्यांनी नुसता कल्ला केला. कोणाच्या काकाची अडीच, कोणाच्या आज्याची दोन. मी फळ्यावर लिहून घेत होती, मोठी शहाणी! तेवढ्यात पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमच्या बाबाची किती?"

"तीन," मी म्हटलं. साफ खोटं. मी कधी पाहिलंच नव्हतं.

माझे बाबा आंबागडला धानाची शेती करतात. आई गेल्यापासून घरात एकटेच. खर्रा खातात हे मला माहीत होतं; आमच्याकडे खात नाही कोण? पण त्या रात्री खोलीवर भात कालवताना एकदम आठवलं. दिवाळीत घरी गेली तेव्हा त्यांनी तिखट सोडलं होतं, भात वरणात कालवून पार पातळ करून खात होते. वय झालं, असं मी समजली. आरोग्य शिकणारी मी, अन् मला एवढं कळू नये? स्वतःचाच असा संताप आला!

शनिवारी दोन बस बदलून घरी पोचली. बाबा अंगणात बसले होते. मी पिशवीही खाली ठेवली नाही.

"बाबा, तोंड उघडा."

"काहून? मले काय झालं?"

"उघडा म्हणते ना! तीन बोटं घाला."

त्यांनी उघडलं. एक बोट गेलं. दुसरं अडलं. जोर लावला तसं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एवढंच उघडते, माय. वर्ष झालं. तुयी परीक्षा होती, म्हणून नाही सांगितलं." मग हसत म्हणाले, "सांग मास्तरीणबाई, पास का नापास?"

मला रडू आवरेना. वर्षभर हा माणूस इथे एकटा पातळ भात गिळत होता, आणि मी तिकडे एकटी आहे म्हणून स्वतःचीच कीव करत बसली होती.

"सोमवारी भंडाऱ्याले दवाखान्यात जाऊ," मी कसंबसं म्हटलं.

बाबांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. मग म्हणाले, "अन् शाळा? पोट्टे वाट पायतीन ना तुयी."